दुकानवाल्या काकूंच्या आठवणीत आम्हा वीस जणींना वाकळ शिवायची आहे, कशी शिवावी?

तुम्ही लिहिलंय की परभणीत भरतकामाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या काकू मागच्या महिन्यात अचानक गेल्या. तुम्हा वीस जणींना वाकळ शिवून त्यांच्या मुलीला द्यायची आहे. गिऱ्हाइकांना टाके दाखवायला काकूंनी भरलेला दीड फुटी नमुन्याचा कपडा मुलीने तुमच्याकडे दिलाय, आणि त्यावरची साखळीची शेवटची ओळ अर्धीच आहे. ती पुरी करावी का, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय. मी तिथूनच सुरुवात करते.

पुरी करू नका. पण ती ओळ आजच बांधून घ्या. साखळीची शेवटची कडी मोकळी राहिली तर दोरा जरा ओढला गेला की अख्खी ओळ सरसर उसवते. त्याच रंगाचा एकेरी दोरा घ्या, शेवटच्या कडीच्या डोक्यावर एक बारीक आडवा टाका घाला, टोक मागे नेऊन आधीच्या टाक्यांतून दोन-तीनदा ओवून टाका. कपड्यात सुई टोचलेली राहिली असेल तर काढून ठेवा. दमट हवेत ती गंजते आणि तो तपकिरी डाग सहजी निघत नाही. पुढून बघितलं की साखळी जिथं थांबली तिथंच थांबलेली दिसली पाहिजे. काकूंचा हात तिथपर्यंत आला होता, आणि मुलीसाठी तीच खूण मोलाची आहे.

हा कपडा धुवायची घाई नको. ओला पांढरा फडका एकेका रंगाच्या दोऱ्यावर दाबून बघा. लाल आणि गडद निळा बहुतेक वेळा दगा देतात. फडक्याला रंग लागला तर धुऊच नका, नुसता झटकून सावलीत वारा द्या. खाक्याची, म्हणजे नक्षी उतरवून घेताना उमटलेली, निळी रेघ दिसत असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसू शकते.

माप चार फूट बाय सहा फूट धरा. म्हणजे एक फुटाचे चोवीस चौकोन होतात. मधले चार काकूंच्या कपड्यासाठी सोडले की उरतात वीस, प्रत्येकीला एक. कापताना १३ इंच कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो. मधल्या जागेसाठी २५ इंचांचा पांढरा मांजरपाट. सगळं कापड सुतीच हवं आणि कापण्याआधी धुतलेलं. नव्या कापडाची खळ निघते, ते आटतं. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात वाकळ सुरकुतते. टेरीकॉट किंवा जॉर्जेटचा एकही तुकडा घेऊ नका. थर सरकतात.

आतल्या थरांसाठी मुलीकडून काकूंची एक जुनी सुती साडी मागा. मागताना ती कापली जाणार आहे हे स्पष्ट सांगा. तिचा जीव होत नसेल तर विषय तिथंच सोडा, दुसरी जुनी साडी चालेल. साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट, त्यात सहा फुटांचे बरोबर तीन थर निघतात. पन्हा मात्र ४४-४५ इंच भरतो आणि तुम्हाला ४८ हवेत, म्हणून कडेला वीतभर रुंद पट्टी जोडावी लागेल. ती एका थराला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे लावा, नाहीतर एकाच बाजूला जाड शिवण येते. खालचं अस्तर मांजरपाटाचं, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. तेच वर दुमडलं की काठ होतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते धावदोऱ्यात. आपल्याकडे वाकळ कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांत आत शिवत नेतात. थर आधी नीट टाचले नाहीत तर सगळा ढिला कपडा मध्ये गोळा होतो आणि फुगा येतो. जमिनीवर पसरून आधी मधोमधपासून कडेपर्यंत, वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घाला. मग फेऱ्या, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा जाड सुती, एकूण दीडशे मीटर तरी आणा. एका वेळी हातभरच ओवा आणि मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही. ओढून शिवलं की चुण्या पडतात. दर दहा-बारा टाक्यांनी कापड तळहाताने पसरा. कुणाचा टाका बारीक येईल, कुणाचा मोठा. तो उसवून सारखा करू नका, कुणाचा हात कुठला हे ओळखू येऊ द्या.

काही घरांत वाकळ उपाशी राहू नये म्हणून आत पोळीचा तुकडा ठेवतात. ठेवायचा असेल तर कडकडीत वाळलेला, नखाएवढाच. हळद आत घालू नका, पहिल्या पाण्यात डाग वर येतो.

नमुन्याचा कपडा सगळ्यात शेवटी लावा. आधी मधला मांजरपाटही धावदोऱ्याने शिवून घ्या, मग त्यावर काकूंचा कपडा ठेवून चारी कडांना तुरपाई करा. भरतकामातून धावदोरा घालायचा नाही. नाव किंवा तारीख घालायची असेल तर पाठीमागच्या कोपऱ्यात, लहान.

अशी तुरपाई केली की वाकळ धुताना तो कपडा उसवून बाजूला काढता येतो आणि वाळल्यावर परत लावता येतो. वाळवताना वाकळ उलटी घाला, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन रंग उडवतं. मुलीला हे सगळं सांगूनच द्या, म्हणजे ती पेटीत न ठेवता पांघरेल. वर्षांनी वाकळ विरली तर तिच्यावर नवी शिवता येते, आणि काकूंचा कपडा तिच्या मधोमध लावता येतो.