कोठ्यातली बीएमएक्स खोलाच्या आधी

भाऊ, लहानपणची बीएमएक्स सायकल कोठ्यातून बाहेर काढली, लय भारी केलं, पण पहिल्याच दिवशी रंग मारू नोको, सगळे तेच करतात. आधी मोबाईलवर चारी बाजूनं फोटो काढ, मंग खोल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजवीकडं फिरवलं की सुटते, मी उलटाच जोर लावून लावून क्रँकचे, म्हंजे पायडल बसते त्या दांडीचे, आटे खाल्ले होते अन् मिस्त्रीनं पोटभर हासून घेतलं. हँडल फसलं असन तं वरचा बोल्ट पुरा काढू नोको, चार आटे ढिला कर, वर लाकूड ठेवून ठोक, आतली पाचर सुटते. सीटच्या दांडीत तेल सोड अन् दोन-तीन दिवस पाहूच नोको तिकडं. छर्रे नवेच टाक, स्वस्त असतात, ग्रीस भरून. खरा घोळ टायरचा, 20 इंची म्हणून 406 अन् 451 (रिमचं मिलिमीटरमधलं माप) अशी 2 मापं येतात, जुन्या टायरवरचा आकडा लिहून घेऊनच तालुक्याले जा, नाहीतं एसटीचं तिकीट फुकट. क्रोमवरचा गंज पोळ्यांच्या फॉइलले पाणी लावून घासला तं बराच निघते. जुने स्टिकर मात्र राहू दे बाप्पा, फाटके असले तरी.