ससा अचानक ट्रे सोडून सोफ्यावर शू करतो, शिक्षा कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांचा नर आहे, लहानपणापासून ट्रेमध्ये जायचा, आता सोफा भिजवतो, आणि घरचे म्हणतात नाक घासा म्हणजे शिकेल. नाक घासू नका. ससा सूड उगवायला शू करत नाही. नसबंदी झाली नसेल तर या वयात तो हद्द आखतोय. सशांची सवय असलेला डॉक्टर शोधा, नसबंदी करून घ्या आणि नंतर काही आठवडे धीर धरा.

तुमच्यापुरतं बहुधा एवढंच. पण 'शिक्षा' वाचून राहवलं नाही.

आमची चिंगी सहा वर्षांची, ट्रेची सवय पक्की. एका उन्हाळ्यात ती ट्रेला लागूनच, पण बाहेर, शू करायला लागली. लेंड्या मात्र ट्रेतच. मला तेच खटकलं. हट्टच करायचा तर अर्धाच कशाला करेल? धाकट्या दिरांचा गोठा आहे. ते म्हणाले, "वहिनी, लाडावलीय ती. दोन दिवस पिंजऱ्यात कोंडा, येईल वठणीवर." मी कोंडली नाही. तिला उलटी धरून पाहिली तर मागच्या पायांमधली लव ओली, कातडी लाल झालेली. फरशीवरची शू वाळली की चुन्यासारखा पांढरा थर राहायचा. पहिले डॉक्टर म्हणाले, सशांची लघवी गढूळच असते. असते, पण इतकी नाही. मी एक्स-रेचा आग्रह धरला. मूत्राशय कॅल्शियमच्या गाळानं भरलेलं निघालं. सलाईन, वेदनाशामक औषध, मूत्राशय धुणं, सगळं झालं आणि चिंगी आपणहून ट्रेमध्ये परतली. कुणी काही शिकवलं नाही.

आणि भाऊजी रोज प्रेमानं काय आणायचे? लसूणघास. दुभत्या गाईला उत्तम, पण त्यात कॅल्शियम भरपूर. ससा आहारातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. मोठ्या सशाला वाळलेलं साधं गवत हवं, पोटभर, चोवीस तास. भाऊजी आजही म्हणतात, चाऱ्यानं कधी कुणी आजारी पडतं का? भाऊजी, पडतं. आणि पिंजऱ्यात कोंडली असती तर सगळाच पिंजरा ओला झाला असता, दुखणं कुणाच्या लक्षात आलं असतं?

हो, दोष एकट्या चाऱ्याचा नसतो. कमी पाणी, वाढलेलं वजन, बसून राहणं यानंही गाळ साठतो. नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पाणी पितात. लाल शू म्हणजे रक्तच असं नाही, खाण्यातल्या रंगद्रव्यानंही ती लाल होते, तरी तपासून घ्या. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखत असतील तर ट्रेची एक कड कापून खाली आणा. गवत ट्रेच्याच एका टोकाला ठेवा, ससे खाता खाता लेंड्या टाकतात. ट्रेमध्ये मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी वाळू अजिबात नको, खाल्ली तर आतडं तुंबतं. आणि शू बाहेर होतेय, वर खाणंही सोडलंय, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.