चांगले शिक्षक वर्गात मुलांना गुंतवून कसे ठेवतात?

तुम्ही लिहिलंय की आठवीच्या वर्गावर नुकतेच रुजू झालात, पुढच्या बाकावरची चार पोरं उत्तरं देतात आणि बाकीचा वर्ग नुसता फळ्याकडे बघत बसतो. मी चोपडा तालुक्यात गणित शिकवतो. माझ्या मते गोम प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. "कोण सांगेल?" म्हटलं की उरलेले सुटले.

म्हणून मी हात वर करायला लावतच नाही. आमच्याकडे बऱ्याच घरी केळी आहे, तेव्हा क्षेत्रफळाला हाच प्रश्न घेतो: पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात खोडं किती बसतील? आधी प्रत्येकाने गुपचूप वहीत अंदाज लिहायचा. कुणी पाचशे लिहितं, कुणी पाच हजार. मग शेजाऱ्याला वही दाखवून खुशाल भांडायचं. एकदा आकडा लिहिला की आपलं बरोबर आलं का, हे पोराला बघायचंच असतं. मग फळ्यावर: गुंठा 33 बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचे 43,560. भागिले 25, म्हणजे सुमारे 1742. इथे मागून हमखास कुणीतरी म्हणतं, "आन् बांधनं काय, सर?" अहिराणीत बोलला म्हणून त्याला टोकू नका, नाहीतर पुन्हा तोंड उघडणार नाही. खडू त्याच्याच हातात द्या आणि बांध, रस्ता वजा करायला लावा.

दुसरं, प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचार करून येतात, 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात उभं राहून बघा! नावही प्रश्नानंतर घ्या. आधी घेतलंत तर बाकीचे निवांत होतात.

स्मार्ट बोर्डचं कौतुक मला फारसं नाही. वीज गेली की तोही गेला.

एक मात्र आहे, एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत यातलं काही चालत नाही. तेव्हा नवीन घटक सकाळच्या पहिल्या तासालाच उरका, नंतर पाढे आणि उजळणी.