डबा शेवटी माणसाला सापडतो

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गटाने डिसेंबरात अंबाजोगाईहून हवामानाचा फुगा सोडला. फुग्याखाली टांगलेल्या डब्यातला ट्रॅकर दर दहा सेकंदांनी रेडिओवरून ठिकाण आणि उंची कळवत होता. १२ किलोमीटरच्या वर मात्र तेच ते आकडे येत राहिले. सिग्नल चांगला होता, पण डबा सापडला नाही. थंडीने जीपीएस गेला का? पुढच्या वेळी महागाचा ट्रॅकर घ्यावा का?

उत्तर : पोरांनो, नवा ट्रॅकर घेऊ नका. १२ हजार मीटरचा आकडा वाचला आणि दुखणं ओळखीचं निघालं. पुष्कळ जीपीएस मॉड्यूलची मूळ सेटिंग जमिनीवर हिंडणाऱ्या माणसासाठी केलेली असते, आणि त्यात १२,००० मीटरच्या वरची उंची ते मॉड्यूल मान्यच करत नाही. त्याच मॉड्यूलमध्ये ‘एअरबोर्न’ मोड असतो, तो ५०,००० मीटरपर्यंत चालतो.

तुम्ही म्हणाल, तो मोड आम्ही लावला होता. लावलाही असेल. पण ती सेटिंग बहुधा तात्पुरत्या मेमरीत राहते. वर गेल्यावर सेलचं व्होल्टेज क्षणभर बसलं, मॉड्यूल रीसेट झालं, की स्वारी पुन्हा जमिनीवरच्या मोडमध्ये. म्हणून ती कमांड सुरुवातीला एकदा देऊन थांबू नका. दर मिनिटाला पाठवा आणि मॉड्यूलकडून पोच आली की नाही, हे कोडमध्येच तपासा. सेल एकदाच वापरायचे लिथियमचे घ्या, साधे अल्कलाइन नकोत. आपल्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरला पारा उणे ७० च्या खाली जातो. थर्माकोलचा डबा जाड भिंतीचाच हवा.

हॅम (म्हणजे हौशी रेडिओचा) परवाना आणि विमान वाहतुकीची परवानगी तुम्ही घेतलीच आहे, असं धरतो. नसेल तर आधी ती.

आता डबा सापडण्याचं. आमचा एक डबा औसा तालुक्यात उतरला, तेव्हाची गोष्ट सांगतो. फुगा ३० किलोमीटरवर असताना १० मिलीवॅटचा तो ट्रॅकर हैदराबादेतही ऐकू येत होता, कारण मध्ये आडवं काहीच नव्हतं. पॅराशूटवर खाली आला आणि शेवटची नोंद मिळाली ती जमिनीपासून ३०० मीटर उंचीची. पुढे मुकाट. सेकंदाला ५ मीटर या वेगाने उरलेलं अंतर उतरायला एक मिनिट लागतं. तेवढ्यात साधा वाराही त्याला तीनशे मीटर बाजूला नेतो. आणि तीनशे मीटरमध्ये किती ऊस मावतो, ते लातूरकरांना विचारा! स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून केलेला यागी अँटेना, म्हणजे सिग्नल कुठल्या दिशेने येतो ते दाखवणारा, घेऊन आम्ही बांधाबांधाने फिरलो. ओला ऊस सिग्नल गिळतो. एकदा बारीक आवाज आला, चार पावलं पुढे गेलो की नाहीसा. अंधार पडला तसे परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. “मास्तर, तुमचं पांढरं खोकं आमच्या उसात पडलंय. बारं देताना दिसलं. उघडलं न्हाई, वर लिवलंय तसं.” वर मी लिहिलं होतं ते असं : ‘हा शाळेच्या प्रयोगाचा डबा आहे. धोका नाही. उघडू नका. या नंबरवर फोन करा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.’ ठळक मराठीत, चारही बाजूंना, वर चिकटपट्टी. तुमच्या डब्याचा फोटो पाहिला. त्यावर कॉलेजचं नाव आणि मजकूर सगळा इंग्रजीत आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणजे तुमचा डबा अहमदपूर-नांदेडच्या अंगाला गेला असणार. तिकडे बीदर आणि तेलंगणाची हद्दही लांब नाही, तेव्हा खाली कन्नड आणि तेलुगूत एकेक ओळ घाला. त्या बाजूच्या ग्रामपंचायतींना आणि पोलीस पाटलांना आत्ताही फोन करा. महिना झाला म्हणून सोडून देऊ नका. तूर काढणीला आली की डबे वर येतात.

प्रश्न : आमच्या शेतात मोठं रंगीत पॅराशूट आणि यंत्राचा डबा पडला आहे. लोक म्हणतात, हात लावू नका. काय करावं? (उदगीर तालुका)

उत्तर : भाऊ, लोक बरोबर सांगतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. तिथले पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे ३०-४० किलोमीटर उंच जातात आणि त्यांची यंत्रं कधीकधी आपल्या जिल्ह्यांत उतरतात. डब्यावर पत्ता आणि फोन नंबर आहे का बघा. असेल तर त्यावर, नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. डबा उघडू नका, वायर ओढू नका. आतल्या नोंदींसाठी कुणीतरी वर्ष-वर्ष खपलेलं असतं. माणसं येईपर्यंत जनावरं तेवढी तिकडे सोडू नका, दोऱ्यात पाय अडकतात.