इसार देण्यापूर्वी

गोव्यातील फोंड्याजवळची जागा आपल्या मनात भरली आहे हे समजते, तरीही इसार देण्याची घाई कृपया करू नका. प्रथम एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक, कूळ वगैरे नोंदी दाखवणारा सरकारी कागद) आणि सर्व्हे नकाशा काढा; मात्र उताऱ्यावर नाव आहे म्हणून विकणारा एकटाच मालक ठरतो, असे मुळीच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पती-पत्नीची सामाईक असते, त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि जागा वडिलोपार्जित असल्यास वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारस ठरवून मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झाली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे लागते. आमच्या व्यवहारात परगावी राहणाऱ्या एका सुनेची सही राहून गेली होती आणि तेवढ्यासाठी आम्ही आठ महिने थांबलो. कुळाची नोंद किंवा जागेत मुंडकाराचे (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचे) घर आढळल्यास तो प्रश्न सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

झोनचा दाखला नगरनियोजन खात्याकडून घ्यावा. सेटलमेंट झोन, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेला भाग, असला तरी रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती करण्याचा परवाना) निराळी लागते. शिवाय जागा जुलैत एकदा अवश्य पाहा. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसलेली आमची जागा पावसात घोटाभर पाण्याखाली होती, आणि जांभ्या दगडाचा जोता आम्हाला दोन हात उंच घ्यावा लागला.