क्रिमिया ‘विलीन’ झाला का?

प्रश्न असा आहे: रशियाने २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया हा द्वीपकल्प घेतला, त्याला मराठी बातम्यांत कुठे ‘विलीनीकरण’, कुठे ‘सामिलीकरण’, तर कुठे ‘ताबा’ म्हटलेलं दिसतं. यातला नेमका शब्द कोणता?

‘विलीनीकरण’ इथे वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. मराठीत या शब्दाला आजचा राजकीय अर्थ मिळाला तो संस्थानांमुळे. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामागे वाटाघाटी होत्या, करार होता, राजाची सही होती. ‘सामील’चीही तीच गत. सामील होणारा आपल्या पायांनी येतो, निदान तसं कागदावर तरी असतं. म्हणून तर काश्मीरच्या महाराजांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये सही केलेल्या कागदाला आपण ‘सामीलनामा’ म्हणतो.

क्रिमियात काय घडलं? २७ फेब्रुवारी २०१४ रोजी गणवेशावर कोणतीही खूण नसलेल्या सशस्त्र सैनिकांनी क्रिमियाच्या राजधानीतलं, सिम्फेरोपोलमधलं, प्रादेशिक संसद भवन ताब्यात घेतलं. बंदुकांच्या पहाऱ्यात १६ मार्चला सार्वमत उरकलं आणि १८ मार्चला मॉस्कोत करारावर सह्याही झाल्या. ज्या युक्रेनचा हा प्रदेश, त्याची संमती कुणी विचारली नाही. याच रशियाने १९९४ मध्ये बुडापेस्टमध्ये, युक्रेन अण्वस्त्रं सोडत असताना, त्याच्या सीमांचा मान राखण्याचं लेखी वचन दिलं होतं. अशा घटनेला ‘विलीनीकरण’ म्हटलं की वाचकाच्या मनात न झालेली संमती उभी राहते.

मग आपला जुना ‘खालसा’? ‘सातारा खालसा केलं’ (१८४८), ‘नागपूर खालसा केलं’ (१८५४) हे आपल्या कानात बसलेलं आहे आणि त्यात जबरदस्तीही पुरेपूर आहे. पण खालसा म्हणजे मुळात थेट सरकारच्या मालकीची जमीन. जहागीर किंवा इनाम काढून सरकारजमा केलं की ते खालसा झालं. म्हणजे खालसा करणारा वरचढ सत्ताधीश आणि गमावणारा त्याचा मांडलिक, हे नातं शब्दातच गृहीत आहे. युक्रेन रशियाचा मांडलिक नव्हता, स्वतंत्र देश होता. शब्द कितीही आवडता असला तरी इथे तो नकळत रशियाचा दावा मान्य करून बसतो.

‘ताबा’ चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. ताबा म्हणजे प्रत्यक्ष कब्जा. सैन्य मागे गेलं की तो सुटतो. रशियाने त्यापुढे जाऊन क्रिमिया आपलाच असल्याचं कायद्याने जाहीर केलं. या दोन्ही गोष्टी सांगायला क्रियापदच बरं: ‘रशियाने क्रिमिया बळकावून आपल्या देशाला जोडला.’ एकाच नामात हे कोंबायचा अट्टहास कशाला? शीर्षकाला नाम हवंच असेल तर ‘बळजबरीचं सामिलीकरण’ चालवून घेता येईल, मात्र ‘बळजबरीचं’ गाळायचं नाही.

सप्टेंबर २०२२ मधल्या युक्रेनच्या चार प्रांतांना मात्र हे वाक्य जसंच्या तसं लावता येत नाही. दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरीझिया आणि खेरसोन जोडून घेतल्याची घोषणा झाली, तेव्हा झापोरीझिया शहर रशियाच्या हाती नव्हतंच. खेरसोन शहरही नोव्हेंबरमध्ये सोडावं लागलं. तिथे ‘चार प्रांत जोडून घेतल्याची घोषणा केली’ एवढंच लिहावं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी १४३ विरुद्ध ५ मतांनी ती घोषणा अवैध ठरवली (३५ देश तटस्थ राहिले, त्यात भारतही होता).

जॉर्जियाचा अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे प्रदेशही याच यादीत ढकलले जातात, तेही बरोबर नाही. २००८ च्या युद्धानंतर रशियाने त्यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, स्वतःला जोडलं नाही. सैन्य मात्र ठेवलं आणि जॉर्जिया त्यांना व्याप्त प्रदेशच म्हणतो. मोल्दोव्हातल्या ट्रान्सनिस्ट्रियाला तर रशियाने मान्यताही दिलेली नाही. त्याच्यासाठी ‘रशियन सैन्य असलेला मोल्दोव्हाचा फुटीर भाग’ असंच लिहावं.