अंगठा उमटत नाही, हयातीचा दाखला कसा काढू?

प्रश्न : आई 82 वर्षांची. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. मागच्या नोव्हेंबरात चाळीचे तीन जिने उतरवून तिला दोनदा बँकेत नेलं. दोन्ही वेळा मशीनवर अंगठा उमटलाच नाही. यंदा काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी आईंना सांगा, की यात त्यांची काहीही चूक नाही. जन्मभर भांडी घासून, पोळ्या लाटून बोटांवरच्या रेषा झिजतात, वयानं कातडी कोरडी पडते. मी बरीच वर्षं बँकेत पेन्शनच्या टेबलावर बसले. पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबणाऱ्या बायका रोज बघायचे. मागची रांग चुळबुळायला लागली की त्या ओशाळून जात. मला ते फार लागायचं.

अंगठ्यावाचूनही दाखला निघतो. ‘जीवन प्रमाण’ ही हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची केंद्र सरकारची सोय 2014 मध्ये आली आणि 2021 पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. तुमच्या अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप घ्या. पहिल्यांदा तुमचा स्वतःचा चेहरा नोंदवावा लागतो, मग आईंचा आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर), बँकेचं खातं. पीपीओ नंबर पासबुकावरून नको, मूळ कागदावरून उतरवा. एक आकडा चुकला तरी दाखला परत येतो.

फोटोसाठी आईंना गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोळे मिटून उघडायला सांगा. घाई नको. फॉर्ममध्ये ‘पुनर्विवाह केला आहे का’ असंही विचारतात. ते आधीच समजावून ठेवा, ऐनवेळी कानावर पडलं तर जीव दुखावतो. काम झालं की प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा, मेसेज येतो. तो वहीत लिहून ठेवा आणि चार-आठ दिवसांनी बँकेत दाखला पोचला का, ते विचारा.

ऐंशी ओलांडलेल्यांना हा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नका. फोन जमत नसेल तर माफक फी घेऊन पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. तेही जमलं नाही, तर सही-शिक्क्याचा कागदी दाखला अजून चालतो. ‘नाही चालत’ म्हणाले, तर तसं लेखी मागा. आणि मध्येच पेन्शन थांबली, तरी दाखला पोचल्यावर ती थकबाकीसकट सुरू होते.